मुंगीचे तीनशे तास

दातकाका कवळ्या बनवायचा. डॉक्टरांकडून तोंडाची मापं यायची आणि हा दिवसभर एका खोलीत टेबलाशी बसून मेणाच्या हिरड्यांवर एकेक दात बसवायचा. गल्लीतली पोरं त्याला दातकाका म्हणायची, पुढे मोठी माणसंही म्हणायला लागली. माणूस अतिशय गरीब स्वभावाचा. पण दुसऱ्यांच्या तोंडाची इतकी काळजी घेणाऱ्या या माणसाच्या स्वतःच्या तोंडात मात्र तीळ भिजत नसे. बायकोला वाढदिवसाची साडी आणली की ती कपाटात लपवायच्या आधीच "साडी नाही हं आणली" असं सांगून मोकळा व्हायचा.

त्याला एकच मुलगी. अकरा वर्षांची. एका जागी कधी बसत नसे म्हणून तिला भिंगरी म्हणत. भिंगरीच्या दातांना तारा लावायच्या ठरल्या तेव्हा तिने घर डोक्यावर घेतलं. शेवटी दातकाकाने कबूल केलं, की न रडता तारा लावून घेतल्या तर गेम आणून देईन. गेम म्हणजे तो, हातात धरून खेळायच्या यंत्रात घालतात तो. रानावनात, गुहांत, समुद्रकाठी फिरायचं, चित्रविचित्र प्राणी पकडायचे, त्यांना आवडेल ते नाव द्यायचं आणि वाढवायचं. भिंगरीच्या वर्गात सगळ्यांकडे होता. यंत्र तिच्याकडे मामाने दिलेलं होतंच, गेम तेवढा नव्हता.

"नवा नको हं," बायकोने आधीच बजावलं. ती एका मालवाहू कंपनीत फोनवर बसायची, दिवसभर हरवलेल्या खोक्यांच्या तक्रारी ऐकायची. त्यामुळे घरी आल्यावर ती दोन वाक्यांत बोलणं संपवायची. "वापरलेला बघा. पोरीला महिनाभरात कंटाळा येणार."

वाण्याच्या दुकानातल्या फळ्यावर दातकाकाला चिठ्ठी दिसली. 'मुलांचा गेम, चांगल्या स्थितीत, विकणे आहे.' खाली फोन नंबर. फोन केला तर कुणी शिंपीणबाई बोलल्या. "माझा नाही हो, वरच्या बाईंचा आहे. निरोप देते. बुधवारी चार वाजता या. जिन्याखाली थांबा."

बुधवारी चारला तो जिन्याखाली उभा राहिला. शिंपीणबाईंच्या दुकानातून मशीनचा आवाज येत होता. थोड्या वेळाने एक बाई घाईघाईने खाली आली. तिशी-पस्तिशीची, अंगाने बारीक, आणि उकाड्यातही लांब बाह्यांचा कुडता. तिने रुमालात गुंडाळलेलं गेमचं कार्ट्रिज त्याच्या हातात ठेवलं. पोस्टाच्या तिकिटाएवढं ते. त्याने किंमत थोडी कमी करून मागितली तर ती लगेच हो म्हणाली. एवढ्या पटकन हो म्हटल्यावर त्यालाच ओशाळल्यासारखं झालं आणि त्याने मूळ किंमत दिली.

"चालतो ना नीट? नाही, म्हणजे काही बिघाड निघाला तर वर येऊन..."

"चालतो. तुम्ही वर येऊ नका," ती म्हणाली. मग जरा हसून, "तिसरा मजला आहे, उगाच दमाल. काही असलं तर शिंपीणबाईंना सांगा." आणि ती आली तशी भराभरा वर गेली.

भिंगरीने तारांमधून मोठ्ठं हसत गेम यंत्रात घातला आणि दुसऱ्याच क्षणी ओरडली, "बाबा, यात कुणाचं तरी आधीचं आहे!"

आधीच्या खेळणाऱ्याने आपलं सगळं तसंच ठेवलं होतं. खेळाडूचं नाव 'मुंगी'. खेळलेला वेळ तीनशे बारा तास. पकडलेले प्राणी दोनशेच्या वर. नव्याने खेळायचं तर हे पुसावं लागणार होतं, कारण त्या गेममध्ये एका वेळी एकाचंच राहतं.

"पुसू नको लगेच," दातकाका म्हणाला. "बघू तरी, किती मेहनत केलीये पोरीने." तो कारागीर माणूस. दुसऱ्याच्या हातचं काम पुसायला त्याचा जीव धजेना.

गुरुवारी संध्याकाळी तो कामावरून आला तर भिंगरी यंत्र हातात धरून गप्प बसली होती. भिंगरी आणि गप्प!

"बाबा, हिने नावं बघा काय ठेवलीयेत."

प्राणी पेट्यांमध्ये ठेवलेले होते, एका पेटीत तीस. प्रत्येकाखाली नाव, आणि तो कोणत्या दिवशी पकडला ती तारीख. नाव दहा अक्षरांतच बसवावं लागे, म्हणून शब्द जोडून लिहिलेले. पहिल्या पेटीत सगळी साधी नावं होती. ढब्बू, चिंगी, पाणघोडा, राजा. दुसऱ्या पेटीच्या मध्यापासून नावं बदलत गेली होती. 'बाबाआले'. 'आवाजनको'. 'आजबरंय'. 'दारलाव'. मग पुन्हा 'आजबरंय', आणि पुन्हा. एकाच नावाचे तीन प्राणी. एक गोल, पिवळा, डोळे मिटलेला प्राणी होता, त्याचं नाव 'कपाटात'.

तिसऱ्या पेटीत एका निळ्या पक्ष्याचं नाव होतं 'आईपडली'. त्याच्या शेजारी त्याच तारखेला पकडलेला दुसरा निळा पक्षी. त्याचं नाव 'पडलीनाही'.

दातकाकाला त्या बाईच्या लांब बाह्या आठवल्या.

"बाबा, हे खरंखुरं आहे का?"

"माहीत नाही बेटा."

त्याने बायकोला फोन लावला. ती कामावर होती. त्याने जमेल तसं सांगितलं. ती म्हणाली, "मी सातला येते. तोपर्यंत काहीही करू नका. ऐकताय ना? कुठेही जाऊ नका."

"नाही नाही," तो म्हणाला.

पण त्याला बसवेना. चौथी पेटी उघडायची त्याची छाती झाली नाही. इकडे आपण चहा पीत बसलोय आणि तिकडे ती पोर कपाटात बसली असेल तर? त्याने शिंपीणबाईंना फोन केला. कुणी उचलला नाही. पुन्हा केला. मग त्याने चपला घातल्या. "भिंगरे, पाच मिनिटांत आलो. नुसतं बघून येतो." शेजारच्या काकूंना सांगून तो निघाला.

शिंपीणबाईंच्या दुकानाला कुलूप होतं. तिथूनच परत फिरला असता तर पुढचं काही घडलं नसतं, हे त्याने नंतर स्वतःला हजारदा सांगितलं. पण त्या वेळी त्याला वाटलं, वर जावं, काहीतरी निमित्त काढावं, मुलगी दिसली की झालं. निमित्तही त्याने जिना चढताना जुळवलं. गेमची डबी राहिली होती, ती मागायची.

तिसऱ्या मजल्यावर दोन दारं. एकाला कुलूप. दुसऱ्यासमोर मुलीच्या शाळेचे बूट नीट जोडीने ठेवलेले. त्याने बेल दाबली.

दार एका पुरुषाने उघडलं. दातकाकाच्या मनात कोण उभं होतं देवच जाणे, पण हा नव्हता. इस्त्रीचा शर्ट, विंचरलेले केस, मऊ आवाज. "बोला, कोण हवंय?"

आणि इथे दातकाकाचं तोंड सुटलं. "नमस्कार, माफ करा हं, काल तुमच्या मिसेसकडून मुलीचा गेम घेतला ना मी, त्याची डबी राहिली बहुतेक..."

माणूस हसला. "गेम? आमच्या मुंगीचा? तो तर हरवलाय ना?" त्याने मान वळवून आत विचारलं. "काय गं, हरवलाय म्हणालीस ना?"

आतल्या दारात ती बाई उभी होती. तिने दातकाकाकडे पाहिलं. तिने साधी खूणही केली नाही. फक्त तिच्या चेहऱ्यावरचा रंग हळूहळू उतरत गेला, आणि दातकाकाला आपण काय करून बसलो ते एका क्षणात कळलं.

"माझी चूक झाली असेल," तो चाचरत म्हणाला. "घर चुकलं असेल."

"नाही, नाही, घर बरोबर आहे," माणूस म्हणाला. "कुठे भेटली ती तुम्हाला? ठरलं कसं तुमचं? तिच्याकडे तर फोन नाही." आवाज तसाच गोड. दातकाका काहीच बोलला नाही, आयुष्यात पहिल्यांदाच. "बरं. डबी सापडली की पाठवतो." आणि त्याने दार लावलं. आपटलं नाही. झोपलेल्या माणसाच्या खोलीचं लावावं तसं हलकेच लावलं. आतून कडी सरकल्याचा आवाज आला.

दातकाका दोन जिने उतरला तेव्हा खिशातला फोन थरथरत होता. आधीचे पाच फोन त्याला कळलेच नव्हते.

"कुठे आहात?" बायको धापा टाकत होती. ती लवकर घरी आली होती. "तिकडे गेला नाहीत ना? भिंगरीने शेवटची पेटी उघडली. 'शनिवारी'. 'मावशीकडे'. 'कुणालानको'. 'सांगू'. अहो, त्या शनिवारी निघून जाणार आहेत! गुपचूप! म्हणून विकला असेल गेम. तुम्ही... अहो, बोला ना!"

"मी सांगितलं त्याला. त्याने गोड बोलून हलकेच दार लावून घेतलं," दातकाका म्हणाला.

मग तिचा आवाज आला, हरवलेल्या खोक्यांबद्दल बोलतानाचा, सरळ, थंड. "परत वर जा. बेल वाजवा. आत जाऊन बसा आणि उठू नका. लोकांसमोर नीट वागणारा दिसतोय ना? मग तुम्ही लोक व्हा. मी पोलिसांना फोन करून निघतेच. पळा!"

दातकाका पळाला. पन्नाशीकडे झुकलेला माणूस, दोन जिने तीन-तीन पायऱ्या टाकत चढला. या सगळ्यात किती वेळ गेला असेल? चार मिनिटं. फार तर पाच. त्याने बेल दाबली आणि बोट काढलंच नाही.

दार उघडलं. त्या माणसाच्या कपाळावर घाम होता, बाकी सगळं तसंच.

"पाणी मिळेल का?" दातकाका म्हणाला. "चक्कर आल्यासारखं होतंय." आणि उत्तराची वाट न बघता तो आत शिरून खुर्चीवर बसला.

पुढची पस्तीस मिनिटं तो बोलत होता. आयुष्यभर ज्या तोंडाने त्याला खड्ड्यात घातलं होतं, तेच त्याने आता कामाला लावलं. कवळी कशी करतात ते त्याने सांगितलं. आधी तोंडाचं माप घेतात, त्यात प्लास्टर ओततात, मग मेणाच्या हिरडीवर एकेक दात बसवतात, मग मेण वितळवून त्या जागी पक्का गुलाबी मसाला भरतात. एक आजोबा कवळी घालून शिंकले आणि ती समोरच्या बाईच्या पर्समध्ये पडली, तेही सांगितलं. त्या माणसाने मान डोलावली. दोनदा घड्याळ पाहिलं. "बरं वाटतंय का आता?" त्याने तीनदा विचारलं. "अजून जरा," दातकाका तीनदा म्हणाला. पाहुण्याला हाताला धरून बाहेर काढणं त्या माणसाच्या सभ्यपणात बसत नव्हतं. दातकाका त्या सभ्यपणाला चिकटून बसला.

बाई आतल्या दाराच्या चौकटीला टेकून उभी होती. उजवा हात ओढणीखाली. तो हात तिने एकदाही बाहेर काढला नाही, पाण्याचा पेला तिने डाव्या हाताने दिला. दातकाकाने ते पाहिलं. त्याला वाटलं, असेल सवय.

बेल वाजली तेव्हा तो माणूस उठायच्या आत दातकाका उठला आणि त्याने दार उघडलं. बायको एकटीच होती. पोलीस येतोय म्हणाले होते, अजून आले नव्हते. ती आत आली, घरात कुणाकडेही न बघता सरळ त्या बाईसमोर जाऊन उभी राहिली.

"ताई, खाली टॅक्सी उभी आहे. तुम्ही म्हणाल तसं. यायचं तर आत्ता, नाहीतर मी इथेच बसते."

"हा काय प्रकार आहे?" तो माणूस म्हणाला. अजूनही मऊच.

बाई मान न वळवता म्हणाली, "मुंगी, चपला घाल."

आतल्या खोलीतून एक मुलगी आली. दहाएक वर्षांची, दोन वेण्या. तिने बूट घातले नाहीत, चपलाच घातल्या, आईने सांगितल्या तशा. ती आईच्या डाव्या बाजूला जाऊन उभी राहिली.

तेव्हा तो माणूस ओरडला. काय ओरडला ते लिहिण्यासारखं नाही. पण दार उघडं होतं आणि तो आवाज जिन्यातून वरखाली गेला. चौथ्या मजल्यावर कडी वाजली, कुणीतरी कठड्यावरून वाकून पाहिलं. वरून कुणी पाहतंय हे दिसताच त्या माणसाने ओठ मिटले. तेवढ्या वेळात चौघं जिना उतरली.

गाडीत ती बाई दातकाकाला म्हणाली, "दोन दिवस. फक्त दोन दिवस राहिले होते, भाऊ." आवाजात राग नव्हता, आणि त्यामुळेच ते ऐकवेना. "परवा तो गावाला जाणार होता. माझी बहीण गाडी घेऊन येणार होती. मुंगीचा शाळेचा दाखला, माझी सर्टिफिकेटं, सगळं एका पिशवीत घालून ठेवलं होतं गादीखाली. ते तिथेच राहिलं."

तिने ओढणी बाजूला केली. करंगळी आणि तिच्या शेजारचं बोट, दोन्ही सुजून निळी पडली होती आणि भलत्याच बाजूला वळली होती.

"हे..." दातकाका म्हणाला.

"तुम्ही जिना उतरलात तेव्हा," ती म्हणाली.

त्याची बायको पुढच्या सीटवर होती. तिने मागे वळून पाहिलं नाही, फक्त चालकाला म्हणाली, "आधी दवाखान्यात घ्या."

पोलीस नंतर आले, कागद लिहून घेतले, दुसऱ्या दिवशी त्या माणसाला बोलावून समज दिली. गादीखालची पिशवी मिळाली नाही. कसली पिशवी, असं तो म्हणाला.

त्या दोघी रात्री दातकाकाच्या घरी राहिल्या. दातकाका स्वयंपाकघरात उगाच भांडी आवरत बसला, बाहेर यायची त्याला लाज वाटत होती. तिथून त्याला मुली दिसत होत्या. भिंगरीने यंत्र पुढे केलं होतं. "हा घे. तुझा आहे."

"विकलाय तो," मुंगी म्हणाली. "आता तुझा." मग थोड्या वेळाने, "वाचलंस का तू?"

भिंगरीने मान डोलावली. खोटं बोलता येत नाही हा बापाचा गुण.

"आईने पुसून टाक सांगितलं होतं. मी पुसलं सांगितलं तिला."

"मग का नाही पुसलंस?"

मुंगीने तिच्याकडे असं पाहिलं, जसं काही हा प्रश्नच वेडेपणाचा होता. "तीनशे तास होते," ती म्हणाली.

मग तिने यंत्र हातात घेतलं आणि सांगितलं, की गेममधल्या तिसऱ्या गावात एक म्हातारा बसतो, तो नावं बदलून देतो. एका वेळी एकच. दोघी त्या म्हाताऱ्याकडे गेल्या आणि एकेक प्राणी नेऊन नावं बदलत बसल्या. बटाटा, दातकाका, खोकं, पंखा. भिंगरी हसत होती. मुंगी हसत नव्हती, पण दर वेळी पुढचा प्राणी तीच निवडत होती. 'आजबरंय' नावाचे तीन मात्र तिने तसेच ठेवले.

बहीण शुक्रवारी दुपारी आली आणि दोघींना घेऊन गेली. जाताना त्या बाईने दातकाकाच्या बायकोला मिठी मारली. दातकाकाला नमस्कार केला, प्लास्टर घातलेल्या हाताने जमला तेवढा.

त्यानंतर दातकाका कमी बोलायला लागला. बायकोने एकदा म्हटलं, "तुम्ही गेला नसतात तर शनिवारी त्या नक्की निघाल्या असत्या की नाही, कुणाला माहीत." दातकाकाला ते पटलं नाही, आणि बायकोलाही ते पटलेलं नव्हतं, हे त्याला तिच्या आवाजावरून कळलं. ती त्याला दोष देत नसे. पण मुलीसमोर कधी काही ठरवायचं झालं की आधी "यांना सांगू नको" असं गमतीने म्हणायची तिची सवय होती, ती गंमत तिने सोडून दिली. दाखल्यावाचून मुंगीचं नव्या शाळेतलं नाव दोन महिने अडकलं. बोटं जुळली, पण वाकडीच. हे सगळं बायकोला फोनवर कळायचं. ती बाई तिच्याशी अर्धा अर्धा तास बोलायची. दातकाकाबद्दल तिने कधी विचारलं नाही.

चार महिन्यांनी एका रविवारी सकाळी फोन वाजला. बायको अंघोळीला गेली होती, म्हणून दातकाकाने उचलला. त्या बाईचाच नंबर होता.

"मी आहे," तो म्हणाला. "ती येईलच पाच मिनिटांत."

"नाही, तुमच्याशीच काम आहे," ती बाई म्हणाली. "कोर्टात तारीख लागलीये. पुढच्या महिन्यात. वकीलबाई म्हणतात, त्या दिवशी घरात बाहेरचा माणूस तुम्हीच होतात. साक्ष द्याल का?"

दातकाकाला शंभर गोष्टी सांगायच्या होत्या. पेला डाव्या हाताने का दिला हे आपल्याला का नाही कळलं, ते. रोज मनातल्या मनात तो जिना पुन्हा कसा उतरतो, ते.

"देईन," तो एवढंच म्हणाला.

"पण त्याआधी इकडे या एक दिवस. काय बोलायचं, काय नाही, ते वकीलबाई सांगतील. आणि आधी मला विचारून बोला."

"हो," दातकाका म्हणाला. "तुम्हाला विचारूनच."

तिने गाडीची वेळ सांगितली, कुठे उतरायचं ते सांगितलं. दातकाकाने वर्तमानपत्राच्या कडेला ते लिहून घेतलं आणि तिला पुन्हा वाचून दाखवलं.